एकटीचा प्रयोग

गेल्या चैत्रात आपल्या मंडळाच्या कार्यकारिणीपुढे एक अर्ज आला. आपल्याच एका सभासद भगिनींनी पन्नास मिनिटांचा एक एकपात्री प्रयोग स्वतः लिहून, स्वतः बसवून तयार केला होता. (त्यांनी आपले नाव छापू नये अशी विनंती केली आहे, ती मी पाळते.) विषय गंगावेशीच्या दूध कट्ट्यावर म्हशी घेऊन येणाऱ्या एका बाईचा. परगावच्या एका कला महोत्सवाने त्यांना प्रयोगाची वेळ दिली होती. मात्र मानधन नाही, प्रवास आपला आणि सामानसुमानही आपलेच. तेव्हा जाण्यायेण्याचा व मदतीला नेण्याच्या एका मुलीचा खर्च म्हणून मंडळाने बारा हजार रुपये द्यावेत, असा तो अर्ज होता.

बैठकीत दोन तट पडले. मंडळाचा पैसा शिवणवर्गासाठी, वाचनालयासाठी, गरजू मुलींच्या फीसाठी. तो एकीच्या हौसेवर कसा खर्चावा, असे म्हणणाऱ्यांत मीही होते. "नाटकच करायचे तर दहा जणींना घेऊन करा, म्हणजे मंडळाचे तरी नाव होईल," हे माझे वाक्य इतिवृत्तात नोंदले गेले आहे, त्यामुळे आता ते नाकारण्याची सोय नाही. अध्यक्षाबाईंनी निर्णय पुढच्या बैठकीवर ठेवला आणि सभा संपल्यावर चहा पिताना मला म्हणाल्या, "तुम्ही तीस वर्षे शाळेत इतिहास शिकवलात ना? मग एकटी बाई रंगमंचावर कशी उभी राहिली, कुणाच्या पैशाने उभी राहिली, हे जरा शोधा आणि स्मरणिकेला लिहून द्या." त्यांच्या आज्ञेवरून हा लेख लिहिला आहे.

पहिली गोष्ट ही की एकट्याने उभे राहून सारा प्रसंग रंगविणे ही कला आपल्याला परकी नाही. देवळात आपण लहानपणापासून कीर्तन ऐकतो. नारदीय कीर्तनातला पूर्वरंग संपून उत्तररंगात आख्यान सुरू झाले की बुवा एकटेच हरिश्चंद्र होतात, तेच तारामती होतात, आणि क्षणात विश्वामित्र होऊन डोळे वटारतात. साथीला पेटी, तबला आणि गळ्यातला उपरण्याचा पदर, एवढेच नेपथ्य. बायकांनीही कीर्तने केली आणि आजही करतात. तेव्हा एकपात्री हे विलायतेहून आलेले खूळ आहे, असा ज्यांचा समज असेल (माझा थोडासा होता) त्यांनी तो दूर करावा. फरक इतकाच की कीर्तनात देवाचे नाव असते, आरतीचे ताट फिरते आणि जो तो आपल्या इच्छेने त्यात पैसे टाकतो. तिकीट लावून, वेळ ठरवून, "मी एकटी बोलणार आहे, तुम्ही पैसे देऊन ऐकायला या," असे म्हणणे ही बाईच्या बाबतीत फारच निराळी गोष्ट होती.

किती निराळी, हे समजण्यासाठी आपल्या कोल्हापूरच्याच रंगभूमीकडे पाहावे. ज्यांचे नाव आपल्या नाट्यगृहाला दिलेले आहे ते संगीतसूर्य केशवराव भोसले ९ ऑगस्ट १८९० रोजी कोल्हापुरात जन्मले. लहान वयातच ते गाजले ते 'शारदा' नाटकातल्या शारदेच्या भूमिकेत! म्हाताऱ्या नवऱ्याशी लग्न लावून दिल्या जाणाऱ्या मुलीचे दुःख महाराष्ट्राला रडवीत होते आणि ते दुःख सांगत होता एक मुलगा. त्या काळी सभ्य घरातील स्त्रीने रंगभूमीवर येणे अशक्यच मानले जाई. केशवरावांनी १९०८ साली हुबळीला ललितकलादर्श ही मंडळी काढली. त्याच मंडळीने पुढे सावंतवाडीच्या हिराबाई पेडणेकर यांचे 'संगीत दामिनी' हे नाटक रंगभूमीवर आणले. हे १९१२ च्या सुमाराचे. स्त्रीने लिहिलेले नाटक नामवंत मंडळीने करावे ही मोठीच गोष्ट. पण नाटक बाईने लिहिले तरी त्यातली बाई पुरुषच होणार, हे ठरलेले होते. ८ जुलै १९२१ रोजी मुंबईत टिळक स्वराज्य फंडासाठी 'संयुक्त मानापमान' झाले, त्याच्या कथा आपण वडीलधाऱ्यांकडून ऐकल्या आहेत. त्यातही धैर्यधर केशवराव आणि भामिनी बालगंधर्व. त्यानंतर तीनच महिन्यांत, ४ ऑक्टोबर १९२१ ला, केशवराव गेले. वय अवघे एकतीस.

येथे एक गोष्ट सांगून पुढे जाते. बाई रंगमंचावर नव्हती हे आपण पांढरपेशी माणसे म्हणतो. तमाशात ती होती. पवळाबाई हिवरगावकर पठ्ठे बापूरावांच्या फडात उभ्या राहिल्या आणि त्यांच्या नावावर गर्दी लोटत असे. पुढे विठाबाई नारायणगावकरांनी तर स्वतःच्या नावाने फड चालविला. माणसे सांभाळली, कर्जे काढली, फेडली. प्रयोग चालू असताना आत जाऊन बाळंत झालेल्या आणि पुन्हा बोर्डावर आलेल्या विठाबाईंची हकीकत सर्वश्रुत आहे. 'स्वतः निर्मिती' हा शब्द आज मोठ्या कौतुकाने वापरला जातो. त्यांनी तो शब्द न वापरताच जन्म काढला. आपल्या स्मरणिकांतून त्यांची नावे क्वचितच येतात, ही आपली चूक आहे.

आता तिकिटाच्या गोष्टीकडे वळू. ती गोष्ट हिराबाई बडोदेकरांची आहे, आणि माझे मत फिरले ते इथेच.

हिराबाईंचा जन्म १९०५ साली मिरजेत झाला. वडील किराणा घराण्याचे प्रख्यात अब्दुल करीम खाँ, आई ताराबाई माने. पुढे ताराबाई मुलांना घेऊन पतीपासून वेगळ्या झाल्या. एकटी बाई, पदरात पाच मुले, आणि घरात संपत्ती म्हणजे सूर. थोरले सुरेशबाबू, मग हिराबाई, कमलाबाई, धाकट्या सरस्वतीबाई (पुढच्या सरस्वतीबाई राणे) ही सारी भावंडे गाण्यातली. हिराबाईंनी अब्दुल वहीद खाँ यांच्याकडे तालीम घेतली. त्या काळात गाणारी बाई म्हणजे बैठकीत बोलावून आणायची, यजमान पैसे देणार, पानसुपारी व्हायची, गाता गाता हातवारे, अदा करायची, आणि ऐकणारे सगळे पुरुष. अशी ती पद्धत. गाणे कितीही थोर असले तरी गाणारीने कुठे बसावे, कसे पाहावे, हे ऐकणाऱ्याने ठरवावे.

हिराबाईंनी १९२० च्या दशकात पुण्याच्या आर्यभूषण थिएटरात तिकीट लावून गाण्याचा जाहीर जलसा केला. स्त्रीने असा तिकीट लावून ख्यालगायनाचा जलसा करण्याची ही सुरुवात मानली जाते. यातली मेख भगिनींनी नीट ध्यानात घ्यावी. बैठकीत यजमान असतो. तिकिटाच्या जलशात यजमान नसतो. ज्याने आठ आणे, रुपया दिला त्याने खुर्ची विकत घेतली, गाणारी नव्हे. म्हणून तिला डोक्यावरून पदर नीट घेऊन, अंगभर शालीन वेष करून, हातवारे न करता, एका जागी स्थिर बसून गाता आले. हिराबाईंचा तो साधा वेष आणि शांत बसणे पुढे इतके प्रसिद्ध झाले की स्त्रीने असेच गायचे असते असे लोकांना वाटू लागले. आणि आणखी एक परिणाम झाला : घरातल्या बायका गाणे ऐकायला येऊ लागल्या. दिवाणखान्यातल्या बैठकीला त्यांना मज्जाव होता. थिएटरात तिकीट काढून बसायला कोण अडवणार?

मी हे वाचले तेव्हा मनात आले, आपल्या भगिनी मंडळाकडे मागत होत्या ते पैसे हौसेचे होते की खुर्चीचे?

तथापि हिराबाईंची गोष्ट नुसती यशाची नाही, आणि ती तशी सांगणे बरोबरही होणार नाही. जलशांच्या यशानंतर १९२९ च्या सुमारास या भावंडांनी मिळून स्वतःची नाटक मंडळी काढली. भावाबहिणींनी एकत्र उभे राहून संगीत नाटके करायची, स्त्रियांच्या भूमिका स्त्रियांनीच करायच्या. कल्पना काळाच्या पुढची. परंतु काळ नेमका उलटा फिरला. मार्च १९३१ मध्ये 'आलम आरा' हा पहिला बोलपट आला. दुसऱ्याच वर्षी आपल्या कोल्हापुरात प्रभात कंपनीने 'अयोध्येचा राजा' हा मराठी बोलपट काढला. दुर्गाबाई खोट्यांची तारामती पाहायला उभा महाराष्ट्र लोटला. कोल्हापूरकरांना त्याचा अभिमान वाटतो तो रास्तच आहे. पण त्याच गर्दीने नाटक मंडळ्यांची थिएटरे रिकामी केली हेही तितकेच खरे. पन्नास-साठ माणसांचे बिऱ्हाड, पडदे, रेल्वेचे भाडे, मुक्कामाची घरे आणि समोर रिकाम्या खुर्च्या. हिराबाईंची मंडळी काही वर्षांत बंद पडली आणि मागे कर्ज राहिले.

ते कर्ज कसे फिटले? हिराबाईंनी गावोगाव एकटीच्या गाण्याचे जलसे करून ते फेडले. ज्यांना "दहा जणींना घेऊन करा" असे वाटते त्यांनी (म्हणजे मी) याचा विचार करायला हवा होता. दहा जणींचे नाटक बुडाले, ते एकटीच्या तंबोऱ्याने सावरले. एकटीचा प्रयोग ही नेहमीच चैन असते असे नाही. पुष्कळदा तोच परवडणारा असतो. हिराबाई पुढे १९५३ साली भारताच्या सांस्कृतिक शिष्टमंडळातून चीनला गेल्या, १९७० साली त्यांना पद्मभूषण मिळाले, आणि २० नोव्हेंबर १९८९ रोजी त्या वारल्या.

नाटकाच्या क्षेत्रात एकपात्री प्रयोगाला प्रतिष्ठा मिळाली ती पु. ल. देशपांड्यांमुळे, हे सर्वांस ठाऊक आहे. 'बटाट्याची चाळ' हे पुस्तक १९५८ चे, त्याचे एकपात्री प्रयोग १९६१ पासून. एक माणूस तीन तास बोलतो आणि थिएटर हसून लोळते, ही गोष्ट नवलाचीच होती. पण स्मरणिका स्त्रियांची आहे म्हणून मी दुसऱ्या बाजूने पाहते. रंगमंचावर एकटे पु. ल.; विंगेत सुनीताबाई. वेळेवर पडदा उघडणे, उशिरा येणाऱ्याला आत न सोडणे, हिशेब चोख ठेवणे, नाट्यगृहाशी बोलणी करणे, आणि मिळालेला पैसा पुढे सत्कार्याला लावणे ही शिस्त सुनीताबाईंची होती. या विषयी त्यांच्याबद्दल कडक बोलणारे पुष्कळ होते. माझ्या मते त्या कडकपणाशिवाय 'चाळ' चार प्रयोगांत ढासळली असती. एकट्याचा प्रयोग एकट्याने होत नाही. म्हणूनच आपल्या भगिनींनी अर्जात "एक मदतनीस मुलगी" असे लिहिले होते, आणि बैठकीत आम्ही नेमक्या त्याच आकड्यावर बोट ठेवले!

त्याच काळात आपल्या भागात आणखी एक प्रकार बहरला, तो कथाकथनाचा. पट्टणकोडोलीचे शंकर पाटील, व्यंकटेश माडगूळकर आणि द. मा. मिरासदार या तिघांनी गावोगावी कथा सांगितल्या. एकेक जण एकटाच ध्वनिक्षेपकापुढे उभा राही, ना रंग ना वेष, आणि बोली अशी की शेवटच्या रांगेतल्या शेतकऱ्याला ती आपल्या घरची वाटे. शंकर पाटलांची कथा त्यांच्या तोंडून ज्यांनी ऐकली त्या बायका आजही ते सांगताना हसू लागतात. पुढे सदानंद जोशी यांनी आचार्य अत्र्यांना 'मी अत्रे बोलतोय'मधून उभे केले. १९७९ मध्ये औरंगाबादचे (आताचे छत्रपती संभाजीनगर) लक्ष्मण देशपांडे यांनी 'वऱ्हाड निघालंय लंडनला' सुरू केले. एका उपरण्याच्या आधाराने बावन्न पात्रे! प्राध्यापकाने लिहावे, आपणच करावे, आणि जगभर न्यावे, असे ते काम. २००९ मध्ये ते गेले तोवर त्यांचे नाव म्हणजे एकपात्री असेच समीकरण झाले होते. पण पाहा, ही सारी नावे पुरुषांची.

बाहेरच्या जगात मात्र ही वाट बाईने बरीच आधी पाडली होती. अमेरिकेत रूथ ड्रेपर नावाची बाई (१८८४ ते १९५६) स्वतःच लिहिलेली स्वगते एकटी करीत असे. एक शाल, एखादी खुर्ची, आणि समोर नसलेल्या माणसांशी बोलत ती सारी खोली माणसांनी भरून टाकी. न्यूयॉर्क, लंडन अशा शहरांत ती वर्षानुवर्षे हाउसफुल्ल चालली.

आणि महोत्सवांची गोष्ट सांगायची तर १९४७ सालाकडे जावे लागते. युद्धाने होरपळलेल्या युरोपात माणसांनी पुन्हा एकत्र यावे म्हणून स्कॉटलंडमधील एडिंबरा शहरात मोठा आंतरराष्ट्रीय कला महोत्सव भरला. त्याला आठ नाटक मंडळ्या न बोलावताच आल्या! कार्यक्रमपत्रिकेत नाव नाही, मानधन नाही. त्यांनी आपापल्या पैशाने जागा भाड्याने घेतल्या आणि प्रयोग केले. लग्नाला आगंतुक यावेत आणि पुढे त्यांचीच पंगत मोठी व्हावी तसे झाले. १९५८ मध्ये त्या आगंतुकांनी आपली संस्था स्थापली आणि नियम असा ठेवला की कुणालाही निवडायचे नाही व कुणाला नाकारायचे नाही. ज्याला जागा मिळेल त्याने प्रयोग करावा. या पंगतीत एकट्यादुकट्याच्या प्रयोगांची फार भर असते, कारण उघड आहे : एका माणसाचा प्रवास, एका माणसाचे जेवण आणि पेटीत मावेल एवढे सामान. २०१३ साली फिबी वॉलर-ब्रिज या तरुणीने आपला एकटीचा प्रयोग तिथे केला, त्यावरून पुढे जगभर पाहिली गेलेली मालिका निघाली. अशी उदाहरणे वाचून भुलू मात्र नये. तिथे जाणाऱ्या बहुतेकांचा पदरचा पैसाच जातो, हे तिकडची मंडळी स्वतःच सांगतात.

आपल्याकडे १९५४ मध्ये सुरू झालेल्या राज्य नाट्य स्पर्धेने हौशी मंडळींना वर्षाकाठी एक तारीख, एक नाट्यगृह आणि परीक्षकांचा कान मिळवून दिला. कोल्हापूर केंद्रावरून कितीतरी संस्था पुढे आल्या. पण स्पर्धा म्हणजे नंबर. महोत्सवात नंबर नसतो. मुंबईत १९९९ पासून काळा घोडा महोत्सव, गोव्यात २०१६ पासून सेरेंडिपिटी महोत्सव, असे मेळे आपल्या बाजूलाही भरू लागले. तिथे नाटक करणाऱ्या माणसाला अनोळखी प्रेक्षक मिळतो, आणि तोच खरा. आपल्या मंडळात प्रयोग केला तर पुढच्या रांगेत जाऊबाई, मागच्या रांगेत शेजारीण. टाळ्या काही प्रयोगाच्या, काही नात्याच्या.

आता ज्या प्रयोगासाठी मी हा सारा वळसा घेतला तिकडे येते. सुषमा देशपांडे यांनी १९८९ मध्ये 'व्हय, मी सावित्रीबाई' हा एकपात्री प्रयोग लिहिला, बसविला आणि स्वतः केला. सावित्रीबाई फुले (जन्म ३ जानेवारी १८३१, मृत्यू १० मार्च १८९७) यांचे नाव आज शाळाशाळांतून घेतले जाते. तेव्हा तसे नव्हते. जोतीरावांची पत्नी, पहिली शिक्षिका, एवढ्या दोन ओळींत त्या संपत. १८४८ मध्ये पुण्यात मुलींची शाळा निघाली, शाळेत जाताना अंगावर शेणगोळे आले आणि म्हणून पिशवीत दुसरे लुगडे नेले, प्लेगात आजारी मुलाला पाठीवर घेऊन दवाखान्यात नेले आणि त्याच साथीत स्वतः गेल्या, ही हकीकत पुस्तकांत होती, पण बायकांच्या कानापर्यंत पोचली नव्हती.

सुषमाताईंनी ती पोचविली. त्यांची युक्ती दिसायला साधी होती. सावित्रीबाई थेट समोरच्यांशी बोलतात, आपल्या बोलीत, जशी एखादी आजी ओसरीवर बसून नातींशी बोलेल तशी. ना पडदा, ना सिंहासन, ना ढगांचा गडगडाट. त्यामुळे प्रयोगाला नाट्यगृह लागतच नसे. शाळेचा व्हरांडा, देवळापुढचे पटांगण, वस्तीतला समाजमंदिराचा कोपरा, काहीही चाले. नाट्यगृहाचे भाडे, नेपथ्याचा ट्रक, बुकिंगचा माणूस, या तीन गोष्टींनी जिथे नाटकवाल्यांची कंबर मोडते तिथे या प्रयोगाला खर्चच नव्हता. १९९० हे जोतीरावांच्या स्मृतिशताब्दीचे वर्ष होते. ठिकठिकाणी त्यांची आठवण निघत होती, आणि त्या वातावरणात सावित्रीबाईंच्या आवाजाला कान मिळाले. त्याआधी १९८३ मध्ये स्त्री मुक्ती संघटनेच्या 'मुलगी झाली हो'ने गावोगावच्या बायकांना नाटकाभोवती जमवले होते, ती वाटही उपयोगी पडली असणार असे मला वाटते. 'व्हय, मी सावित्रीबाई' दोन दशकांहून अधिक काळ चालले, हिंदीतही झाले, आणि पुढे तरुण अभिनेत्रींनीही तो प्रयोग हाती घेतला. त्यानंतर तमाशातल्या स्त्रियांच्या आयुष्यावर सुषमाताईंनी 'तिच्या आईची गोष्ट' हा एकटीचा प्रयोग केला. म्हणजे मी वर ज्यांच्याविषयी हळहळले, त्यांची दखल एका बाईने एकटीने उभे राहून आधीच घेतली होती.

कोल्हापूरकर म्हणून इथे एक आठवण देते. १९११ साली सत्यशोधक समाजाची शाखा कोल्हापुरात निघाली, १९१७ मध्ये शाहू महाराजांनी सक्तीच्या मोफत प्राथमिक शिक्षणाचा हुकूम काढला आणि त्याच वर्षी विधवा पुनर्विवाहाचा कायदाही केला. फुल्यांचा विचार आपल्या गावात राज्यकर्त्याच्या हुकमातून आला. सावित्रीबाईंचा आवाज मात्र बाईच्या तोंडूनच यावा लागला, आणि त्याला आणखी सत्तर वर्षे गेली.

महाराजांनीच १९१५ साली खासबाग मैदानालगत पॅलेस थिएटर उभारले. १९०२ मध्ये विलायतेला गेले असताना पाहिलेल्या मोठमोठ्या वास्तू त्यांच्या डोळ्यांपुढे होत्या. पुढे त्याला केशवराव भोसल्यांचे नाव दिले गेले. ८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री, केशवरावांच्या जयंतीच्या आदल्या रात्री, ते आगीत जळाले. त्या रात्री गावातली माणसे रस्त्यावर उभी राहून रडली, त्यांत मी एक होते. दुसऱ्या दिवशी जयंती होती, आणि हार घालायला रंगमंचच उरला नव्हता. आपल्या भगिनी त्याच रंगमंचावर पहिला प्रयोग करणार होत्या. त्यांचा प्रयोग तयार झाला तो मग मंडळाच्या याच सभागृहात, शिवणयंत्रे भिंतीकडे सरकवून. नाट्यगृह नसेल तर नाट्यगृहावाचून, हे त्या सुषमाताईंकडून शिकल्या असे त्यांनी मला सांगितले.

त्यांच्याकडून मला बरीच व्यावहारिक माहितीही कळली, ती पुढे कुणाला उपयोगी पडेल म्हणून देते. आपल्या राज्यात रंगमंचावर जाहीर प्रयोग करायचा तर संहिता रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाकडे पाठवून प्रमाणपत्र घ्यावे लागते. हे काम महोत्सवाच्या तारखेच्या बरेच आधी करावे. महोत्सवात एका दिवसात तीन-चार प्रयोग असतात, त्यामुळे मांडामांडीला अर्धा-पाऊण तास मिळतो आणि तितक्याच वेळात सारे उचलावे लागते. दिवे सर्वांना सारखे लावलेले असतात; आपल्यासाठी कुणी शिडीवर चढत नाही. म्हणून दिव्याच्या आधाराने प्रसंग बदलायचा असेल तर दिव्यावाचूनही तो बदलता आला पाहिजे, अशी तालीम करावी. विसरले तर सावरायला दुसरे पात्र नसते, हे सर्वांत मोठे भय. त्यांनी त्यावर उपाय केला : विसरायला झाले की त्या म्हशीला हाक मारतात, आणि म्हैस काही उत्तर देत नाही तेवढ्यात वाक्य आठवते. पहिल्या तालमीत आम्हाला वाटले, हे नाटकातलेच आहे! सामान म्हणजे एक पितळी चरवी, एक माप, दावे आणि घोंगडे. सगळे एका ट्रंकेत बसते.

दुसऱ्या बैठकीत मी माझा विरोध मागे घेतला आणि तसे इतिवृत्तात लिहून घेतले. तरीही एक प्रश्न शिल्लक राहिला, तो आपल्या खजिनदारबाईंनी नेमका विचारला, आणि माझ्या मते तो योग्यच होता : आज एकीला दिले, उद्या दुसरीने मागितले तर? वादविवाद बराच झाला. शेवटी असे ठरले की मंडळाने सहा हजार रुपये द्यावेत आणि उरलेले सहा हजार मंडळाच्याच सभागृहात तिकीट लावून एक प्रयोग करून उभे करावेत. ही सूचना अर्जदार भगिनींचीच. फुकट पास कुणालाही नाही, कार्यकारिणीलाही नाही, अशी त्यांची अट होती. एकदोघींनी नाके मुरडली.

त्या शनिवारी सभागृहात सत्तर खुर्च्या मांडल्या होत्या आणि आठ-दहा बायका मागे उभ्या होत्या. अध्यक्षाबाईंनी दारातच शंभराची नोट काढून तिकीट घेतले. प्रयोगाला गंगावेशीच्या दोन गवळणीही आल्या होत्या. त्यांनी पहिल्या रांगेत बसून दर पाच मिनिटांनी मोठ्याने सूचना केल्या. दावे कसे बांधतात ते त्यांनी प्रयोग थांबवून दाखविले, आणि आपल्या भगिनींनी ते तिथल्या तिथे शिकून पुढचा प्रसंग केला. हिशेब लागला तेव्हा सहा हजारांवर थोडे उरले, ते मदतनीस मुलीला दिले. त्या दोघी रात्रीच्या महालक्ष्मी एक्सप्रेसने गेल्या; ट्रंक मात्र जड होती, चरवीत कुणीतरी वाटेसाठी भाकरी आणि खर्डा बांधून दिला होता.